दिवा किती उंच टांगावा

आमच्या शेजारचे काका आयुष्यभर मांद्रेच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढत आले. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून ते वाळूवर उतरत नाहीत. संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसतात, चहा घेतात आणि वारा कोणत्या बाजूचा आहे, समुद्र कसा वाजतो आहे, हे सांगून जातात. त्या दिवशी आतल्या खोलीचे दार उघडे होते आणि रीफ टाकीवर, म्हणजे प्रवाळे पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीवर, नुकत्याच टांगलेल्या दिव्याचा निळा उजेड उंबरा ओलांडून पडवीच्या लाल लाद्यांपर्यंत आला होता. काकांनी कप खाली ठेवला, वाकून आत पाहिले आणि विचारले, "बाय, हो दिवो तुवें घरांतूय हाडलो?" हा दिवा तू घरातही आणलास, एवढेच बोलून त्यांनी उरलेला चहा संपवला, काठी घेतली आणि ते उठले. त्यांच्या स्वरातला थकवा मला जाणवला आणि रात्री अंथरुणावर पडेपर्यंत तो प्रश्न मला सोडेना.

गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्या प्रश्नाची फोड करून सांगावी लागत नाही. भर समुद्रात बोटीवर प्रखर एलईडी दिवे लावायचे, उजेडाला भुलून वर आलेली सगळी मासळी पिल्लांसकट जाळ्यात घ्यायची आणि किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याच्या वाट्याला रिकामे जाळे ठेवायचे, हे काकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. तरीही अमावास्येच्या आसपास क्षितिजावर पांढरा पट्टा दिसला की काका तिकडे बोट दाखवतात. आमच्याच किनाऱ्यावर आणि पलीकडे मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. त्यांची पिल्ले वाळूतून वर आली की जिकडे क्षितिज उजळ असेल तिकडे चालू लागतात, आणि किनाऱ्यावरचे दिवे प्रखर असतील तर समुद्राकडे पाठ करून जमिनीच्या दिशेने सरकत राहतात. अशा जागी राहून समुद्रातल्या जिवांवर मी रोज कित्येक तास दिवा रोखून धरणार असेन, तर त्याचे कारण मला काकांच्या डोळ्यांत पाहून सांगता यायला हवे होते.

हा दिवा नेमका कुणासाठी?

लहानपणी वेंगुर्ल्याला मामाच्या घरी शोकेसमध्ये प्रवाळाची एक फांदी ठेवलेली असे. ताजमहालाची प्रतिकृती आणि प्लॅस्टिकच्या गुलाबांच्या मध्ये ती पांढरीशुभ्र उभी असायची. मामी दसऱ्याच्या आधी ती ब्रशने घासून धूत असे आणि मी हात लावला तर बोटाला ओरखडा उठत असे. प्रवाळ म्हणजे पांढरा, खरखरीत, निर्जीव दगड, अशीच माझी समजूत होऊन बसली. पुष्कळ वर्षांनी पाण्याखाली जिवंत प्रवाळ पाहिले तेव्हा उमगले की मामाच्या शोकेसमध्ये होता तो केवळ सांगाडा. ज्याच्यामुळे त्याला रंग होता, पोषण होते, वाढ होती, ते सगळे समुद्रातून काढले त्याच दिवशी संपले होते. आता तसे करणे गुन्हा आहे. चुन्याचा सांगाडा रचणारी सर्व कठीण प्रवाळे, समुद्रपंखे आणि काळी पोवळी २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली, म्हणजे त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. हा कायदा मला मनापासून योग्य वाटतो. त्यामुळे माझ्या टाकीत कठीण प्रवाळ नाही. झोअँथिड, मश्रूम आणि एक लेदर, एवढेच कठीण सांगाडा न रचणारे, प्रवाळांच्या नात्यातले मऊ जीव आहेत, तेही घरच्या टाकीत वाढवून त्यांचे तुकडे देणाऱ्या माणसाकडून रीतसर पावतीसह घेतलेले. दिव्याचा निम्मा निर्णय या निवडीतच झाला होता, कारण उथळ पाण्यातल्या फांद्यांच्या कठीण प्रवाळाला लागणारा प्रखर प्रकाश माझ्या या मंडळींना सोसणारा नाही.

हे जीव प्राणीच आहेत, पण त्यांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाले राहतात. ती उजेडात साखर तयार करतात आणि तिच्यातला मोठा वाटा यजमानाला देतात; यजमान त्यांना आसरा आणि आपल्या शरीरातून बाहेर पडणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये देतो. टाकीत दिवा लावणे म्हणजे अक्षरशः ताट वाढणे आहे, आणि इथे काकांच्या मनातला दिवा आणि माझा दिवा वेगळे होतात. बोटीवरचा दिवा माशाला त्याच्या जागेवरून ओढून आणतो. माझ्या झोअँथिडला कुठे जायचेच नसते. तो जिथे चिकटला आहे तिथे त्याला पुरेल एवढा प्रकाश पोहोचवणे हे माझे काम. या शैवालांतली हरितद्रव्ये आणि पेरिडिनिन हे रंगद्रव्य निळ्या पट्ट्यातला, साधारण ४३० ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वांत चांगला शोषतात. ते साहजिकही आहे. पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच गिळून टाकते आणि स्वच्छ समुद्रात खोलवर पोहोचतो तो निळाच. शिवाय प्रवाळांच्या ऊतींतली काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा वा नारिंगी प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून निळ्या दिव्याखाली टाकी आतून पेटल्यासारखी दिसते. दिवा विकणारे याच दृश्याची छायाचित्रे दाखवतात आणि पाहणारा भाळतो. भाळावे असेच ते दृश्य आहे. पण छायाचित्रातल्या चमकेवरून त्या जिवाला किती प्रकाश मिळतो आहे याचा काहीही बोध होत नाही.

मला जास्त अस्वस्थ केले ते दुसऱ्याच विचाराने. बोगमाळोच्या समोरच्या ग्रँड आयलंडपाशी मी मुखवटा लावून पाण्यात उतरले होते. मोसम हिवाळ्याचा होता, म्हणजे आमच्याकडे पाणी त्यातल्या त्यात नितळ असण्याचा, आणि तरीही हात पुढे केला तर बोटांच्या पलीकडे सगळे हिरवट पुसट होत जात होते. मांडवी आणि जुवारी जो गाळ घेऊन येतात, त्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये मिसळतात, आणि हे सगळे मिळून निळा प्रकाशच आधी खाऊन टाकतात. खाली पोहोचतो तो हिरवा-पिवळसर उजेड. त्या उजेडात खडकाला बिलगून प्रवाळे होती. तपकिरी, काळपट-पिवळी, कुणी छायाचित्र काढायला धडपडू नये अशी. ती तिथे जगत होती आणि अजूनही जगत आहेत, हे मला त्यांच्या रंगापेक्षा मोठे वाटले. लक्षद्वीपच्या खाजणात किंवा विजयदुर्गसमोर शंभराहून अधिक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवर पाणी स्वच्छ असते, आणि दुकानातला प्रत्येक निळा दिवा त्या जातीच्या समुद्राची नक्कल करत असतो. म्हणजे दिव्याचा रंग ठरवताना मी एक समुद्र निवडत होते, आणि तो टांगण्याची उंची ठरवताना त्या समुद्राची खोली. हे एकदा ध्यानात आल्यावर दिवे पाहण्याची माझी रीतच बदलली. किती वॅटचा, किती रंगांचा, मोबाइलवरून चालतो की नाही, हे प्रश्न मागे पडले आणि माझे जीव कुठल्या पाण्यातून आले आहेत हा प्रश्न पुढे आला.

माझ्याकडच्या झोअँथिडांचे मूळ कुळ हिंदी-प्रशांत महासागरातल्या नितळ पाण्यातले. पण झोअँथिड हणजूणच्या खडकांवरही असतात. मोठ्या ओहोटीला खळग्यांतल्या गुडघाभर पाण्यात, भर उन्हात, त्यांचे गालिचे पसरलेले दिसतात. भर दुपारी उघड्या आभाळाखाली चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल फोटॉन पडतात. हा आकडा प्रकाशसंश्लेषणाच्या कामी येणाऱ्या, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या प्रकाशाचा. छंदातले लोक त्यालाच 'पार' म्हणतात. टाकीतल्या मश्रूमला ५० ते १०० पुरतात, झोअँथिड आणि लेदर त्याहून थोडे अधिक मागतात, आणि फांद्यांच्या कठीण प्रवाळांसाठी लोक २०० ते ३५० पर्यंत नेतात. एकाच कुळातला एक जीव उन्हात तापलेल्या खडकावर आणि दुसरा एखाद्या कपारीच्या सावलीत मजेत राहतो. दोघांनीही आपापल्या उजेडाशी हळूहळू जुळवून घेतलेले असते. अडचण येते ती सावलीतल्याला एका दिवसात उन्हात नेऊन ठेवल्यावर.

दिव्यांचे प्रकार मी इथे फार उगाळत नाही. मेटल हॅलाइडच्या जमान्यातल्या टाक्या मी पाहिल्या आहेत. १५०, २५०, ४०० वॅटचा एकच झगझगीत गोळा, आणि वाळूवर खेळणाऱ्या प्रकाशरेषा अशा की खरोखर उथळ समुद्रात उभे राहिल्याचा भास व्हावा. पण त्या दिव्याची धग पाण्यात उतरते. थंड प्रदेशात ती चालून जाईल. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच बत्तीस-तेहतीस अंशांवर असते, आणि पंखा लावून बाष्पीभवनाने पाणी थंड करावे तर हवेतल्या दमटपणामुळे त्याचा गुण अर्धाच येतो. टी-फाइव्ह, म्हणजे बारीक ट्यूबलाइटच्या, नळ्यांचा उजेड मला आजही सर्वांत आवडतो, कारण तो चहूकडून सारखा पडतो आणि प्रवाळाची खालची बाजूही काळोखात राहत नाही; मात्र साधारण वर्षाकाठी नळ्या बदलाव्या लागतात आणि योग्य वर्णपटाच्या नळ्या आमच्याकडे मिळणे दुरापास्त झाले आहे. उरला तो एलईडी. निळा एलईडी तयार करण्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की घरातला पांढरा बल्ब तयार होतो, आणि बोटीवरचा पांढरा दिवाही. काकांनी लांबून पाहून जे ओळखले त्यात चूक काहीच नव्हती, चिप खरोखर एकाच घराण्यातली आहे.

एकच शक्तिमान दिवा घ्यावा की दोन लहान, यावर मी बराच विचार केला. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे पाणी १९० लिटरच्या आतच. एका मोठ्या दिव्याने मधोमध प्रखर झोत पडतो आणि कोपरे मंद राहतात; अरुंद कोनाच्या भिंगांचा असला तर तो झोत आणखी टोकदार होतो. मनाने कौल दिला तो हळदोण्यातल्या मैत्रिणीच्या जुन्या घरामुळे. त्या घराच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या आहेत. दुपारचे ऊन बाहेर कितीही कडक असो, त्या चकत्यांतून आत येताना ते विरघळून खोलीभर पसरते. खुर्चीखालीही उजेड असतो आणि कुठल्याच वस्तूची सावली धारदार पडत नाही. त्या खोलीत बसूनच मी ठरवले की मला असा प्रकाश हवा. मग १२० अंशांच्या भिंगांचे दोन लहान दिवे घेतले आणि त्यांच्यापुढे प्रकाश पसरवणारे दुधी पत्रे बसवले. पत्र्यांनी थोडा प्रकाश अडतो, पण वेगवेगळ्या रंगांचे एलईडी अलग अलग सावल्या टाकतात आणि वाळूवर लाल-निळ्या कडा नाचतात, ते त्याने बरेच कमी झाले. वाळूवरच्या प्रकाशरेषा मात्र गेल्या आणि त्यांची मला अजून रुखरुख लागते. पोराला तर त्या फारच हव्या होत्या.

उजेड पुरेसा आहे की नाही हे डोळ्यांना विचारण्यात अर्थ नसतो. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक जागा असतो आणि गडद निळा त्याला मंद भासतो. लक्स मोजणारी यंत्रेही डोळ्याच्याच मापाने मोजतात, म्हणून निळ्या दिव्याखाली ती भरपूर कमी आकडा दाखवतात. 'फार अंधुक दिसतेय' म्हणून माणूस तीव्रता वाढवत नेतो आणि टाकीतला जीव भाजून निघतो. पणजीतल्या एका स्नेह्याकडून मी 'पार' मोजणारा क्वांटम मीटर मागून आणला. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून संवेदक एकेका दगडावर आडवा धरायचा, त्याचे तोंड बरोबर वर राहील असे पाहायचे, आणि दुसऱ्या हातातल्या पडद्यावरचा आकडा वाचायचा. आकडा एका जागी थांबत नाही. पृष्ठभागावरची प्रत्येक लहर भिंगासारखी प्रकाश गोळा करते आणि पसरवते, त्यामुळे ९० चे ११५ होतात, पुन्हा ९५ वर येतात, आणि माणसाला काही क्षण श्वास धरून सरासरी मनात बांधावी लागते. दिवे पाण्यापासून पंचवीस सेंटीमीटर उंच आणि निम्म्या तीव्रतेवर असताना वाळूपाशी ५५, मधल्या दगडावर शंभरच्या आसपास आणि सर्वांत वरच्या टोकाला १८० मिळाले. कागदावर टाकीची आकृती काढून मी ते आकडे जागोजागी लिहिले, आणि मश्रूम खाली, झोअँथिड मध्ये, लेदर त्यांच्या किंचित वर, अशा जागा त्या कागदावरून ठरल्या.

खरे कष्ट पडले ते दिवे टांगताना. टाकीच्या कडेवर बसणारे पाय घेतले तर उंची एकाच ठिकाणी अडकते आणि दिवा खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांत येतो. काचेच्या काठाला आवळायच्या दांड्यावर दिव्याचा सगळा भार एका बिंदूवर पडतो आणि ते मला पटत नाही. भिंतीचा विचार केला, तर आमचे घर चिऱ्यांचे. चिरा उन्हातान्हात घट्ट होतो हे खरे, पण त्यात ड्रिलने भोक पाडले की आतून लाल भुसा सांडत राहतो आणि खुंटी महिन्या-दोन महिन्यांत ढिली होते. त्यावर पाण्याच्या डोक्यावर टांगलेला विजेचा दिवा सोपवणे मला मान्य नव्हते. छत कौलारू. म्हणजे उरली माट्टीच्या लाकडाची तुळई, जी टाकीच्या जवळजवळ माथ्यावरून जाते. गावातले मेस्त, म्हणजे सुतार, आले. त्यांनी शिडी लावली, नारळ निवडताना वाजवून पाहावा तशी ती तुळई हातोडीच्या दांड्याने टोकापासून टोकापर्यंत वाजवली आणि एका जागी थांबून कान लावला. तिथे वाळवीने पोखरलेली पोकळी होती. ती जागा सोडून दीड हात अलीकडे त्यांनी खडूने खूण केली. मग वर कौलांकडे पाहून म्हणाले, "पावसात ह्या जोडातून थेंब पडतो, तो दिव्यावर नको." मी इतके दिवस खालून फक्त टाकी पाहत होते, वरून पडणारे पाणी त्यांनी पाहिले. खूण पुन्हा एक हात सरकली.

तारा आणि हुक मी मालिमच्या जेटीजवळ बोटींचे सामान मिळते त्या दुकानातून आणले. समुद्रावर टिकायचे पोलाद कसे असावे हे तिथे कुणाला शिकवावे लागत नाही. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असते आणि मिठाच्या हवेत ते साध्या ३०४ पेक्षा जास्त टिकते. टाकीवरून उडणारे बारीक तुषार सुकून प्रत्येक वस्तूवर मिठाची साय धरते, तेव्हा हा फरक पैसे वसूल करून देतो. कौलारू घरात वळचणीतून वारा मोकळा फिरतो, म्हणून दोन तारांवर टांगलेला दिवा डोलतो आणि त्याच्याबरोबर खालचा सगळा उजेड हलतो. मी प्रत्येक दिव्याला चार तारा लावल्या आणि त्या एका चौकटीला बांधून ती चौकट लहान कप्पीवर घेतली. काच पुसायची असली की दोर ओढून दिवे वर न्यायचे, काम झाले की खुणेच्या गाठीपर्यंत खाली सोडायचे. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली उतरणारा झोळ दिला आहे, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. सॉकेट पाण्याच्या पातळीपेक्षा वर आणि बाजूला आहे. त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घेतला, आणि वायरमनने बटण दाबून तो उडतो की नाही हे माझ्यासमोर दाखवल्याशिवाय मी टाकीत हात घातला नाही. ज्यांच्या घरी टाकी आहे आणि हा आरसीसीबी नाही, त्यांनी पुढच्या दिव्याचे पैसे आधी इथे घालावेत, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या आठवड्यात दिवे तीस टक्क्यांवर ठेवले आणि नंतर आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवले. सकाळी दिवे सावकाश चढू लागले की मी स्टूल ओढून समोर बसते. झोअँथिड आधी मिटलेली तपकिरी बोंडे असतात. पंधरा-वीस मिनिटे काही घडत नाही. मग एखाद्या बोंडाचे टोक ओलसर चमकते, मधोमध चीर पडते, चिरेतून हिरवी कड डोकावते, आणि कडेने एकेक शुंड बाहेर येत पूर्ण चकती सपाट पसरते. तिच्या मध्यावर तोंडाची बारीक फट असते. शेजारची चकती उघडली म्हणून सगळ्या उघडतात असे नाही. दगडाच्या सावलीकडच्या चार-पाच नेहमी उशिरा उघडतात आणि त्यांचे देठ इतरांपेक्षा लांब आहेत, कारण उजेड कमी पडला की झोअँथिड मान वर करतो. मश्रूमचे उलट: प्रकाश कमी असला की तो पसरून चपटा होतो आणि जास्त झाला की आक्रसतो. लेदर मधूनच काही दिवस मिटून बसतो, त्याच्या अंगावर मेणचट पापुद्रा धरतो, आणि तो गळून पडला की पुन्हा फुलतो. नव्या माणसाला वाटते दिवा बाधला. मीटरचा आकडा कळला तरी या हालचाली वाचाव्याच लागतात, आणि मला विचाराल तर मीटरपेक्षा या अधिक खऱ्या.

काकांना मी एका सकाळी मुद्दाम बोलावून समोर बसवले. त्यांनी चकत्या उघडताना पाहिल्या. शैवालाचे, साखरेचे सगळे ऐकून घेतले. हणजूणच्या खडकावरची ही वस्तू त्यांना ठाऊक होती, पायाखाली बुळबुळीत लागते म्हणून. मग त्यांनी एकच विचारले: रात्री दिवा बंद करतेस ना? करते. टाकीवरचा पूर्ण उजेड साधारण आठ तास असतो, चढता-उतरता धरून दहा. गोव्यात दिवस डिसेंबरमध्ये सव्वाअकरा तासांचा आणि जूनमध्ये सुमारे तेरा तासांचा होतो. माझ्या टाकीत तो त्याहून आखूड आहे, कारण समुद्रात सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन पाण्यात फारसे शिरतच नाही. दिव्यांबरोबर चांदण्याची सोय आली होती, रात्रभर मंद निळा उजेड देणारी. ती मी पहिल्याच दिवशी बंद केली. काका म्हणाले की चांदणे असले की बोटीवरच्या दिव्याला मासळी कमी लागते, काळोखातच तिची खरी फसगत होते. समुद्रातले जीव चंद्राचा हिशेब ठेवतात, हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळे वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही ठरावीक रात्री, एकाच वेळी आपली बीजे पाण्यात सोडतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली.

सध्या मे सुरू आहे आणि मी तीव्रता दहा टक्क्यांनी उतरवली आहे. पाणी तापलेले असताना उजेडही प्रखर असला तर शैवालांची यंत्रणा कोलमडते, ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि प्रवाळ त्यांना अंगाबाहेर टाकून पांढरे पडते; लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हेच झाले. समुद्रावर कुणी छत्री धरू शकत नाही. माझ्या टाकीवर मी धरू शकते, म्हणून धरते. पावसाळ्यात वीज गेली तर इन्व्हर्टर पंपाला जोडलेला आहे, दिव्यांना नाही. उजेडावाचून हे जीव काही दिवस काढतात, हलत्या पाण्यावाचून काही तासांतच गुदमरतात. पाऊस येण्याआधी मेस्त कौले परतायला येतील, तेव्हा दिवे खाली उतरवून सगळ्या तारांच्या गाठी, दिव्यांतल्या पंख्यांवरचे मीठ आणि तुळईवरचे हुक तपासून घ्यायचे आहेत. लेदर वर्षभरात चांगलाच उंचावला आहे. त्याच्या माथ्यावर पडणारा प्रकाश पुन्हा मोजून चौकट तीन-चार सेंटीमीटर वर घ्यावी लागेल, आणि मग खाली मश्रूमला किती पोहोचतो तेही नव्याने पाहावे लागेल.